चांदीची गावं, शिडाची बोट आणि तुमचे प्रश्न

मागच्या लेखात मी मेक्सिकोच्या १४ दिवसांच्या सहलीबद्दल लिहिलं होतं. पहिले आठ-नऊ दिवस पठारावरच्या स्पॅनिशकालीन गावांत काढायचे आणि उरलेले बाहा या वायव्येकडच्या लांबट द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला, कोर्तेसच्या समुद्रात म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आखातात, शिडाच्या बोटीवर, असा तो बेत. पत्रं भरपूर आली. सहा-सात प्रश्न पुन्हापुन्हा येत होते, त्यांची उत्तरं इथे देते.

प्रश्न : आम्ही पुण्याचे आठ निवृत्त मित्रमैत्रिणी. तिथला 'मृतांचा दिवस' बघायचाय आणि बोटीवरही राहायचंय. कोणत्या महिन्यात जावं?

आधी बोटीचे दिवस ठरवा आणि मग त्यांच्या मागे-पुढे गावं बसवा. बहुतेक गट नेमकं उलटं करतात. हॉटेलं, महोत्सव, विमानं सगळं पक्कं झालं की बोटवाल्याला फोन करतात आणि मग तो जे सांगतो ते ऐकून हिरमुसतात. गावं बाराही महिने बघता येतात, समुद्राचं तसं नाही.

पॅसिफिकच्या या बाजूला चक्रीवादळांचा मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर. बाहाला खरी भीती ऑगस्ट-सप्टेंबरची आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धाची. सप्टेंबर २०१४ मध्ये ओडील वादळानं हे टोक झोडपलं, तेव्हा ला पास या तिथल्या बंदराच्या खाडीत नांगरलेल्या बोटीसुद्धा सुटल्या नाहीत. पुढे नोव्हेंबर सरत आला की उत्तरेचा वारा सुरू होतो. तिथले खलाशी त्याला नुसतं 'नोर्ते' म्हणतात. तो एकदा लागला की दोन-तीन दिवस पडत नाही, आणि बोट एखाद्या आडोशाच्या खाडीत नांगर टाकून गप्प बसते. या दोहोंच्या मधे जी फट राहते ती साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. दुसरी चांगली वेळ एप्रिल-मे, फक्त ईस्टरचा आठवडा टाळा. त्या आठवड्यात अख्खा मेक्सिको सुट्टीवर असतो.

तुमचं नशीब असं, की मृतांचा दिवस १ आणि २ नोव्हेंबरला येतो, म्हणजे बरोबर या फटीत. २५ ऑक्टोबरच्या सुमाराला मेक्सिको सिटीत उतरा, तिथे तीन रात्री राहा. शहर २,२४० मीटर उंचीवर आहे आणि घड्याळ आपल्यामागे साडेअकरा तास. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, पण त्याच दिवशी पिरॅमिड बघायलाही जाऊ नका. मग सान मिगेल दे आयेंदे, त्यानंतर ग्वानाह्वातो. हा क्रम मुद्दाम असा ठेवलाय. ऑक्टोबरात ग्वानाह्वातोला सेर्वांतिनो हा कलामहोत्सव असतो. १९७२ पासून तो चालू आहे आणि त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील. तो आटोपल्यावर तिथे पोचलेलं बरं. ३ किंवा ४ नोव्हेंबरला विमानानं ला पास. तिथे एक रात्र जमिनीवर काढायची आणि मग बोट.

२ तारखेच्या संध्याकाळी गावातल्या साध्या दफनभूमीत जा. दारातच फुलांचे ढीग असतात, तिथून एक जुडी घ्या. त्या फुलाला ते 'सेंपासूचिल' म्हणतात. हातात घेऊन वास घेतलात की दसऱ्याच्या आदल्या दिवशीची मंडई आठवेल, कारण तो आपला झेंडूच. मूळचा मेक्सिकोचा, आपल्याकडे आलेला पाहुणा. थडगं धुऊन पुसून, पाकळ्यांची वाट काढून, शेजारी खुर्च्या टाकून माणसं गप्पा मारत बसलेली असतात. कुणी खुणेनं बोलावलं तर जाऊन बसा. फोटो मात्र विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : व्हिसाचं काय?

तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मुलं अमेरिकेत असलेल्या बऱ्याच वाचकांचा प्रश्न इथेच संपतो. नसेल तर मेक्सिकोच्या वकिलातीत अर्ज करावा लागेल. एक मेख लक्षात ठेवा : भारतातून मेक्सिकोला थेट विमान नाही, आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे जायचं असेल तर त्या विमानतळाचा नियमही तपासा. नियम बदलतात, तेव्हा तिकिटं काढायच्या आधी वकिलातीचं संकेतस्थळ बघाच.

प्रश्न : ही वसाहतकालीन गावं सगळी सारखीच असतात असं ऐकलं. चौक, चर्च, रंगीत घरं. दोन बघितली की पुरे ना?

दोनच बघा, मीही तेच म्हणते. केरेतारोला वाटेत जेवायला थांबा आणि ७४ कमानींचा तो दगडी जलसेतू बघून पुढे निघा. पण उरलेली दोन गावं सारखी आहेत असं मात्र म्हणू नका.

ग्वानाह्वातो हे चांदीचं गाव. अरुंद घळीत वसलेलं, त्यामुळे घरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली. घळीतून नदी वाहायची आणि पावसाळ्यात गाव बुडवायची. शेवटी नदी दुसरीकडे वळवली आणि तिच्या रिकाम्या पात्रात रस्ता केला. आज टॅक्सी तुम्हाला त्या जुन्या पात्रातून नेते. वर घरांचे दगडी पाये, मधेच उजेडाचा एक चौकोन, की पुन्हा बोगदा. गावाबाहेर ला व्हालेन्सियाना ही खाण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या सगळ्यात श्रीमंत चांदीच्या खाणींत तिची गणना व्हायची. त्या काळी मेक्सिकोची चांदी नाण्यांच्या रूपात आकापुल्कोहून मनिलाला आणि व्हेराक्रूसहून युरोपात जायची. तिथून व्यापाऱ्यांच्या हातून तिचा एक ओघ सुरतेलाही पोचायचा. टांकसाळीत ती वितळवायची आणि तिचे रुपये पाडायचे.

आलोंदिगा ही तिथली धान्याची कोठी आवर्जून बघा. बाहेरून तुरुंगासारखी, खिडक्या इवल्याशा. सप्टेंबर १८१० मध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेले बंडखोर गावात शिरले तेव्हा स्पॅनिश मंडळी खजिन्यासह या कोठीत जाऊन बसली. तेव्हा पीपिला या टोपणनावाचा एक खाणकामगार पाठीवर दगडाची लादी बांधून, वरून गोळ्या पडत असताना रांगत दारापर्यंत गेला आणि त्यानं दार पेटवलं, अशी कथा आहे. पुढच्या वर्षी बंडाचे पुढारी मारले गेले. मिगेल इदाल्गो हा पाद्री, आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस. चौघांची मुंडकी पिंजऱ्यात घालून याच इमारतीच्या चार कोपऱ्यांना टांगली. ती तिथे १८२१ पर्यंत लटकत होती. कोपऱ्यांवर आजही ती चार नावं आहेत. एकेका कोपऱ्याखाली उभं राहून वर बघा, मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

सान मिगेलला असा इतिहास अंगावर येत नाही. ते देखणं आणि जरा शिष्ट गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर कला शिकायला अमेरिकन सैनिक इथे आले, त्यातले काही राहिलेच, आणि आज कॉफीचे भाव त्यांच्या हिशोबाचे आहेत. मधोमध गुलाबी दगडाचं टोकदार चर्च आहे. त्याचा दर्शनी भाग सेफेरिनो गुतिएर्रेस या स्थानिक गवंड्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा केला. वास्तुकलेचं शिक्षण नाही. युरोपातल्या चर्चची चित्रं बघून त्यानं काम केलं असं सांगतात. पाहिल्यावर पटतं. घाट युरोपचा, पण हात तिथला.

ज्यांच्याकडे एक दिवस जास्तीचा असेल त्यांनी मेक्सिको सिटीहून दोन तासांवरच्या पुएब्लाला जाऊन यावं. माझ्यासाठी कारण एकच, मिर्रा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या या मुलीला पोर्तुगीज चाच्यांनी पळवलं. कोचीनला बाप्तिस्मा, मनिलाला विक्री, तिथून गॅलियन जहाजानं आकापुल्को आणि मग पुएब्लातल्या एका घरात गुलामी. नाव कातारिना दे सान हुआन. आशियातून आलेल्या सगळ्यांनाच तिथे 'चिनो' म्हणत, म्हणून ही 'चिना पोब्लाना', पुएब्लाची चिना. १६८८ मध्ये ती वारली तेव्हा लोक तिला संत मानत होते. मेक्सिकन बायकांचा तो झगमगीत राष्ट्रीय पोशाख आज तिच्याच नावानं ओळखला जातो, पण ती स्वतः असलं काही कधी ल्याली नव्हती. पुएब्लाच्या जेझुइट चर्चमध्ये तिला पुरलं. माझा गट तिथे पोचला की आपोआप गप्प होतो.

प्रश्न : बोट म्हणजे क्रूझ का? मी ६६ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि मला अलिबागच्या लाँचमध्येही बोट लागते.

क्रूझ अजिबात नाही. चाळीस-पंचेचाळीस फुटांची दोन सांगाड्यांची बोट, म्हणजे कॅटमरान. चार छोट्या खोल्या, आठ माणसं, शिवाय कप्तान आणि एखादा मदतनीस. खोली म्हणजे पलंग आणि पलंगाभोवती वीतभर जागा. गोड्या पाण्याची टाकी ठरावीक, त्यामुळे आंघोळ समुद्रात करायची आणि शेवटी मागच्या पायरीवर उभं राहून दोन तांबे गोडं पाणी अंगावर घ्यायचं. संडास पंपाचा. पोटातून गेलेल्याशिवाय दुसरं काही त्यात टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. हा नियम कप्तान पहिल्या तासात सांगतो आणि कुणीतरी दुसऱ्याच दिवशी मोडतो. आमच्या पहिल्या सहलीत एका एजन्सीनं पंप बिघडलेली बोट गळ्यात मारली होती. तेव्हापासून सामान चढवायच्या आधी मी प्रत्येक पंप स्वतः दाबून बघते. तुम्हीही बघा.

गुडघ्यांचं म्हणाल तर अवघड जागा एकच, बोटीवरून छोट्या रबरी होडीत उतरणं. हात द्यायला माणूस असतो, पण क्षणभर एका पायावर भार येतो. घरी तीन पायऱ्या कठडा न धरता उतरता येत असतील तर जमेल. बोट लागण्याचं औषध डॉक्टरांना विचारून निघण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करा. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुतेकदा समुद्रालाच जाते. आलेपाकाच्या वड्या न्या. खाली खोलीत जाऊन पडू नका. वर बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाइल खिशात ठेवा.

शिवाय हे पाणी अरबी समुद्रासारखं उघडं नाही. ला पासहून निघालं की चारेक तासांत एस्पीरितु सांतो बेट येतं. लाल-गेरू कडे, त्यांच्यावर निवडुंग आणि खाली हिरवं-निळं पाणी. अख्खं वाळवंट समुद्रात पाय सोडून बसल्यासारखं. रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकतात. उन्हाळ्यात आणि पुढेही काही दिवस इथे रात्री 'कोरोमुएल' नावाचा वारा सुटतो. पॅसिफिकची गार हवा द्वीपकल्प ओलांडून आखाताकडे येते, आपल्या कोकणातल्या मतलई वाऱ्यासारखी जमिनीकडून. तो आला की बेटाच्या पश्चिमेच्या खाड्या हिंदकळायला लागतात. कप्तानानं संध्याकाळी अचानक खाडी बदलली तर सूर्यास्ताच्या फोटोसाठी त्याच्याशी वाद घालू नका. रात्रीची झोप वाचवतोय तो तुमची.

उत्तर टोकाला लोस इस्लोतेस म्हणून दोन खडक आहेत, पक्ष्यांच्या शिटेनं पांढरेफटक, आणि त्यावर समुद्रसिंहांची वसाहत. वास आधी येतो, मग आवाज, मग ते दिसतात. पिल्लं पाण्यात येऊन तुम्ही पोहण्यासाठी पायात घातलेले रबरी पंखे चावून बघतात. जून ते ऑगस्ट विणीचा काळ, तेव्हा तिथे पाण्यात उतरू देत नाहीत. पोहता येत नसेल तर जाकीट घालून दोरीला धरून तरंगा. साडी नेसून तरंगलेल्या एक आजी मी पाहिल्या आहेत, पण त्या पाचवारीला कप्तानानं जो गाठींचा बंदोबस्त केला तो काही रोज जमण्यासारखा नाही. पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घ्या.

आणि चाकांच्या टणक बॅगा नकोत. बोटीवर त्या ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग घ्या, मोठी बॅग ला पासच्या हॉटेलात ठेवा.

प्रश्न : मुंबईत शिडाची छोटी बोट चालवायला शिकलोय. कप्तानाशिवाय बोट घेतली तर स्वस्त पडेल ना?

पडेल, पण घेऊ नका. गेटवेसमोर दोन माणसांची बोट चालवणं वेगळं आणि रात्री अनोळखी खाडीत आठ झोपलेल्या माणसांसकट नांगर सरकत नाही ना हे बघणं वेगळं. कप्तान घ्या. सुकाणू तो तुमच्या हातात आनंदानं देईल.

प्रश्न : सुरक्षिततेच्या बातम्या वाचून घरचे नको म्हणतात.

बातम्या खोट्या नाहीत. ग्वानाह्वातो राज्यात टोळ्यांचा हिंसाचार आहे. त्याचा जोर सेलाया, सालामांका, इरापुआतो या औद्योगिक पट्ट्यात आहे. पर्यटक जातात ती दोन गावं त्यामानानं शांत आहेत, पण वाट याच भागातून जाते. म्हणून गावातून गावात दिवसाच जायचं, टोलच्या रस्त्यानं आणि चांगल्या बसनं. सूर्य मावळल्यावर महामार्गावर नको. साकातेकास हे आणखी एक चांदीचं गाव मला फार आवडतं, पण हल्ली तिथे गट नेत नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. उपास घडेल का?

उपास नाही, फसगत मात्र घडेल. उसळीसारखे दिसणारे घोटलेले राजमे बहुधा डुकराच्या चरबीत परतलेले असतात, तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण त्यांच्या लेखी चरबी आणि पाणी म्हणजे मांस नव्हे. म्हणून तीन शब्द पाठ करा : 'सिन मांतेका', चरबी नको. 'सिन काल्दो दे पोयो', कोंबडीचं पाणी नको. आणि 'सिन पेस्कादो', मासे नकोत.

बाजारात मात्र चैन आहे. तव्यावर समोर थापलेली मक्याची भाकरी, आत चीज आणि भोपळ्याची फुलं. काटे काढून भाजलेले निवडुंगाचे हात, जरा भेंडीसारखे बुळबुळीत. कणसाचे दाणे लिंबू-तिखट लावून. लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत, त्याला ते 'हामायका' म्हणतात. कोपऱ्यात पाटा-वरवंटा दिसेल, आपल्यापेक्षा वेगळा इतकाच, की त्यांच्या पाट्याला तीन पाय असतात.

बोटीवर स्वयंपाक मदतनीस करतो. त्याला मासळीची सवय. यादी महिनाभर आधी पाठवा आणि ला पासच्या बाजारात त्याच्याबरोबर स्वतः जा. ताजी फळं, बियाणं, घरचं तूप बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतील. कारखान्यात बंद केलेली पाकिटं चालतात, विचारलं तर दाखवायची. मी मेतकूट आणि गोडा मसाला नेते. नांगर टाकलेल्या बोटीवर, गॅसच्या झुलत्या शेगडीवर, मऊ भात होतो. गेल्या खेपेला कप्तानानं दोनदा मागून घेतला आणि उरलेली मेतकुटाची पुडी मी येताना त्याच्याकडेच ठेवून आले.