वाचक विचारतात : कोकणातलं रात्रीचं आकाश

प्रश्न (गुहागर) : गेल्या वर्षी लडाखमध्ये हानलेला आकाशगंगेचे फोटो काढले. १८-५५ ची साधी लेन्स, १८ मिमी, एफ ३.५, २० सेकंद, आयएसओ ६४००. झकास आले. त्याच सेटिंगवर इथल्या किनाऱ्यावर काढले तर आकाश पांढरट, ताऱ्यांभोवती कापूस पिंजल्यासारखं, आणि दर फोटोगणिक अधिकच वाईट. कॅमेरा बिघडलाय का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. तुमच्या फोटोंत दोन निरनिराळे त्रास एकत्र आलेत, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पांढरटपणा हवेचा. हानले म्हणजे साधारण ४५०० मीटर उंचीवरचं थंड वाळवंट. वातावरणातली चाळीस टक्क्यांच्या आसपास हवा तिथे आपल्या खालीच राहते, वरची उरते ती कोरडी. गुहागरला सगळी हवा डोक्यावर, तीत भरपूर बाष्प आणि लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे बारीक कण. गावातले दिवे, होड्यांवरचे दिवे, सगळ्यांचा उजेड या कणांवर विखुरतो. आयएसओ ६४०० वर, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदना इतकी वाढवल्यावर, तो विखुरलेला उजेडच आधी उजळतो. म्हणून १६०० वर या आणि हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यात दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून साधारण एक तृतीयांशावर राहील असं पाहा. तो मध्यावर सरकला तर आयएसओ अजून कमी करा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच) घ्या.

एका फोटोवर विसंबू नका. कॅमेरा न हलवता लागोपाठ १६ फोटो घ्या आणि घरी एकावर एक रचा. १६ फोटोंच्या सरासरीत दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येतो. विंडोजवर सिक्वेटर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. जमीन स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर माड फरफटल्यासारखे दिसतील. वेळही २० सेकंदांऐवजी १५ ठेवा. ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं हा जुना नियम. तुमच्या छोट्या सेन्सरला १८ मिमी म्हणजे २७ धरायचे, म्हणजे १८ सेकंद झाले. त्यापुढे तारे लांबट होतात.

कापूस मात्र दवाचा. उघड्या आकाशाखाली लेन्सची काच आपली उष्णता वर सोडत हवेपेक्षाही गार होते, आणि कोकणातल्या दमट हवेला तेवढा फरक पुरतो. काचेवर बॅटरी तिरकी मारून पाहा, दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा दिसेल. समोरून सरळ पाहिलं तर तो दिसतच नाही, म्हणून लोक तासभर फोकसशी झटत बसतात. फडक्याने पुसू नका. दवाखाली मिठाचे कण असतात, ते घासून काचेचं कोटिंग जातं.

उपाय म्हणजे लेन्सला गुंडाळायची यूएसबी हीटर पट्टी. ती लेन्सच्या पुढच्या टोकाशी बांधा, फोकसच्या रिंगवर नको. दव पडायच्या आधीच चालू करा. काच कोरडी ठेवायला थोडी ऊब पुरते, ओली झालेली वाळवायला दहा-पंधरा मिनिटं जातात. ५ वॅटची पट्टी १०,००० एमएएच पॉवर बँकवर पाचेक तास चालते. पट्टी लावल्यावर फोकस पुन्हा करा : लाइव्ह व्ह्यूत अभिजितसारखा ठळक तारा १० पट मोठा करून तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवायची, मग कागदी चिकटपट्टीने रिंग पक्की करायची. हूड लावा, यूव्ही फिल्टर काढा. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तरी काच धुरकटते. तो बॅगेतच बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत मुरू द्या.

आणि हानलेपुढे कोकणाला कमी लेखू नका. आकाशगंगेचं केंद्र हानलेहून क्षितिजावर जास्तीत जास्त २८ अंश चढतं, रत्नागिरीहून ४४ अंश.

प्रश्न (मालवण) : आकाशगंगा समुद्रात उतरतानाचा फोटो हवा आहे. कोणती अमावास्या धरावी? दिवाळीची चालेल का?

उत्तर : पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर धरा, पण अमावास्या धरू नका. ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातला आकाश पुरतं काळोखं होतं तेव्हा केंद्र नैर्ऋत्येला, समुद्रावर ३० अंशांवर असतं आणि दहाच्या सुमारास मावळतं. महिनाअखेरीस सव्वासातला ते २२ अंशांवर येतं, नोव्हेंबरच्या मध्यावर जेमतेम १० अंशांवर, म्हणजे धुरकट थरातच. दिवाळीची अमावास्या उशिरा आली तर केंद्र हातचं गेलेलं असतं. लवकर आली तरी फटाक्यांचा धूर आहेच.

खरं कारण वेगळं आहे. अमावास्येला उधाण असतं. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतो. अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वापाचला पूर्ण सुकती, आणि तुम्ही साडेसातला खडकावर ट्रायपॉड लावता तेव्हा पाणी मागून चढू लागलेलं असतं. अंधारात, डोळा कॅमेऱ्यात असताना ते कळत नाही.

वद्य अष्टमी-नवमी घ्या. भरती सहा ते पावणेसातला होऊन गेलेली, दिवस भांगाचे म्हणून पाणीही कमी चढलेलं, आणि चंद्र अकरा-बाराच्या सुमारास उगवणार. तीन तास निवांत मिळतात. पाऊणपट हा अंदाज आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहाच.

मे महिन्यात हिशोब उलटा. केंद्र पहाटे तीन ते साडेचार दक्षिणेकडून नैर्ऋत्येला झुकतं, त्या वेळी अमावास्येचं पाणी ओसरत असतं, म्हणून अमावास्या चालते. उघड्या पडलेल्या खडकावरचं शेवाळ तेवढं सांभाळा.

वाळूत ट्रायपॉड रुततो आणि १५ सेकंदांतही खचतो. तिन्ही पायांखाली एकेक करवंटी उताणी दाबून बसवा, पाय तिच्या खळग्यात ठेवा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, शटरला २ सेकंदांचा टायमर. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवायचे. खार सांध्यात राहिला की पुढच्या खेपेला ते उघडत नाहीत.

प्रश्न (राजापूर) : सड्यावरून (कातळी पठारावरून), कातळशिल्प पुढे घेऊन फोटो काढायचा आहे. मोबाइलचं होकायंत्र मात्र दिशा चुकीची दाखवतं.

उत्तर : जांभ्यात (इथल्या तांबड्या कातळात) लोह भरपूर. तुमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई हटते, हे प्रसिद्धच आहे. उत्तर दिशा ध्रुवताऱ्यावरून ठरवा : तो क्षितिजापासून साधारण १७ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या पावणेदोन मुठींएवढा वर.

शिल्पासाठी वेगळा फोटो घ्या : आयएसओ ८००, ३ मिनिटं, आणि मंद बॅटरी अगदी खाली, कातळाला जवळजवळ समांतर धरून काही सेकंद. वरून उजेड टाकलात तर कोरलेल्या रेषा पुसल्यागत होतात. ट्रायपॉड, बूट, पाणी, खडू, काहीही शिल्पावर नको. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि झिजलेली रेष पुन्हा येत नाही.

डोळे न दिपवणारा लाल उजेड कॅमेऱ्यापाशीच. चालताना पांढरी बॅटरी आणि घोट्यावर येणारे बूट. सड्यावर फुरसं (विषारी साप) असतं, ते रात्री हिंडतं आणि त्याचा रंग कातळात मिसळून जातो. बसायला दगड उचलू नका, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) सांदीत हात घालू नका.

प्रश्न (अलिबाग) : पावसाळ्यात कॅमेरा तांदळात ठेवावा का?

उत्तर : नाही. तांदळाची पूड आत शिरते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि आत दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहू द्या. ६० च्या वर गेला की सिलिका जेल कढईत मंद आचेवर परतून घ्या. ते न जळता पुन्हा कोरडं व्हायला हवं.