सरकारी आरोग्य केंद्रात बायकांसाठी वेगळं शौचालय असावंच लागतं का? नसेल तर तक्रार कुठे करायची?

असावंच लागतं, सरकारी आरोग्य केंद्रांसाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या मानकांत लिहिलेलंच आहे. पण जत तालुक्यात मी सिस्टर होते त्या केंद्रातही ते होतं. कुलूप लावून. किल्ली क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये, कारण काय तर "बायका पॅड टाकून तुंबवतात."

बाळंत होऊन सहा तास झालेल्या, टाके पडलेल्या पोरीने परक्या पुरुषाकडे किल्ली मागायची? कुणी मागत नसे. पाणीच पीत नसत. लघवी तुंबून ओटीपोट टम्म व्हायचं. लघवीची भरलेली पिशवी गर्भाशयाला आकसू देत नाही, रक्तस्राव वाढतो. ही लाजेची गोष्ट नव्हे, जिवाची आहे.

एकीला मीच धरून नेलं. आतली कडी तुटलेली. एका हाताने दार ओढून धरलेलं, दुसरा भिंतीला, परकराचा घोळ दातात. खुंटी नाही, डबा नाही. भिजलेलं पॅड ती टाकणार कुठे? भांड्यातच.

त्या दुपारी क्लार्कशी माझं कडाक्याचं भांडण झालं. घरून झाकणाचा डबा आणला, आत पिवळी पिशवी घातली (दवाखान्यात रक्ताचं पॅड पिवळ्यातच जातं), खिळा ठोकला, कडी बसवून घेतली. किल्ली परत दिली नाही. पुढची तीन वर्षं एकदाही तुंबलं नाही. तुंबत होतं ते डबा नव्हता म्हणून, आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

उन्हाळ्यात टँकर. साहेब म्हणायचे, पाणी नाही तर उघडायचं कशाला? टाके धुतले नाहीत तर पू होतो, साहेब. टँकरचं पाणी आधी प्रसूती कक्षाला आणि बाळंतिणीच्या शौचालयाला, मग बाकीचं.

तक्रार वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, पोच घ्या. किरकोळ दुरुस्तीचा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे केंद्राच्याच समितीच्या, निधीतून होतो. "सुविधा द्या" असं मोघम लिहू नका. कडी, खुंटी, झाकणाचा डबा, बादली-मग असं नाव घेऊन मागा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफसुद्धा पाळीची सोय असलेलं बायकांचं शौचालय मूलभूत सोयीतच धरतात. कर्मचाऱ्यांचं वेगळं आणि अपंगांना वापरता येईल असंही त्यातच येतं.

2015 ला कायाकल्प ही सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची पुरस्कार योजना आल्यापासून स्वच्छतेला गुण मिळतात, बरीच केंद्रं सुधारली, हेही खरं. सगळे क्लार्क तसे नसतात. तरी अर्ज लिहिण्याआधी आत जाऊन कडी लावून बघा, आणि किल्ली कुणाकडे असते ते विचारा. पुरुषाकडे असेल तर अर्जाची पहिली ओळ तीच लिहा.