ओंटारियोला आरटी म्हणून यायचंय? मग हेही वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी झालेलं, म्हणजे तू आरटी, व्हेंटिलेटर आणि श्वासाचं काम बघणारी रेस्पिरेटरी थेरपिस्ट, आयसीयूचा चांगला अनुभव, नवरा बँकेत, मुलगी दुसरीत. सौदीची ऑफर हातात आहे, पण मन कॅनडातल्या ओंटारियोकडे ओढतंय. तर ताई, येऊ का? ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. चार ओळींत उत्तर द्यायचं ठरवून बसले होते, ते काही जमलेलं नाही.

पॉइंट्स, भाषेची परीक्षा, फी, यातलं काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलतं. एवढंच पक्कं ध्यानात ठेव की पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, केंद्र सरकार देतं आणि काम करायचा परवाना प्रांत देतो, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. पीआर घेऊन विमानातून उतरलेले आणि पुढे परवान्याविना भलतंच काहीतरी करत बसलेले आरटी मी पाहिलेत. मीही त्यातलीच होते. घरगुती ऑक्सिजन पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात ऑक्सिजनच्या मशीनचे, कॉन्सन्ट्रेटरचे, फिल्टर धूत होते. काम वाईट नव्हतं. पण आठवड्यापूर्वी ज्या हातांनी एबीजी, म्हणजे तपासणीसाठी धमनीतलं रक्त, काढलं त्यांना साबणाच्या पाण्यात बघायची सवय व्हायला वेळ लागतो.

अमेरिकेचंही विचारलंयस. तिथे आरटीची नोकरी साधारण दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर मिळते, त्यामुळे पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांसाठीचा एच-वन-बी व्हिसा मिळवणं कर्मकठीण. ग्रीन कार्डासाठी नर्स आणि फिजिओथेरपिस्टना शेड्यूल ए नावाची जवळची वाट आहे, तीत आपण बसत नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात तर आपला पेशाच वेगळा नाही. व्हेंट, म्हणजे व्हेंटिलेटर, नर्स आणि डॉक्टर सांभाळतात, छातीचं काम फिजिओ करतात. म्हणजे राहिलं आखात आणि कॅनडा. तू बरोबर ठिकाणी अडकली आहेस.

आता कागद. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. इथली आरटींची नोंदणी करणारी परिषद विचारते, तुझ्या देशातल्या नोंदणी परिषदेचं पत्र आण, तुझ्याविरुद्ध तक्रार नाही असं. रास्त मागणी. पण मी निघाले तेव्हा आपल्याकडे आरटीची परिषदच नव्हती! डॉक्टरांची होती, नर्सेसची होती, फार्मासिस्टची होती. आपलं नाव घेणारा कायदा २०२१ साली आला. म्हणजे जी संस्था अस्तित्वातच नाही तिचं पत्र मिळत नाही, हे मला पत्र लिहून पटवून द्यावं लागलं. त्यानंतर अभ्यासक्रम. नुसती गुणपत्रिका चालत नाही. कोणत्या वर्षी कोणता विषय किती तास, त्यातले वर्गात किती आणि वॉर्डात किती, हे सगळं संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, संस्थेनेच थेट पाठवलेलं हवं. मी जिथे शिकले तिथल्या कार्यालयात आईने माझ्यासाठी खेटे घातले. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, शिक्का दुसऱ्या टेबलावर. एकदा पाकीट तयार झालं तर ते त्यांनी कौतुकाने आईच्याच हातात दिलं, आणि उमेदवाराच्या घरून आलेलं पाकीट इथे कचऱ्यासमान. पुन्हा पहिल्यापासून. त्या क्लार्कचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, पण भेटला तर ओळखेन असं वाटतं.

म्हणून जायचं ठरो न ठरो, कॅनडा असो की सौदी, राजीनामा देण्याआधी हे तासांचं पत्रक करून घे. लॉगबुकवर विभागप्रमुखांची सही घे. जे सर आज तुला ओळखतात ते उद्या निवृत्त होतील.

आणि जे कोणी लिहीत नाही ते कामाबद्दल. भारतात मी व्हेंट लावायचे, सर्किट बदलायचे, सक्शन करायचे, आणि सेटिंग रजिस्ट्रार डॉक्टर सांगेल ते. काही खटकलं तर हळूच "सर, एकदा बघता का" एवढंच. इथे सुरुवातीच्या एका रात्री एआरडीएसची, म्हणजे फुफ्फुसं अचानक निकामी होत आलेली, बाई आली. शरीराने भारी, आणि कोणीतरी टायडल व्हॉल्यूम, म्हणजे दर श्वासाला द्यायची हवा, ४८० मिलिलिटर लावलेला. मी टेप काढून तिची उंची मोजली, १५८ सेंटीमीटर. म्हणजे उंचीवरून काढलेलं हिशेबाचं वजन जेमतेम ५१ किलो, आणि किलोला ६ मिलिलिटर धरले तर ३०० च्या आसपास. हे तुलाही पाठ असणार. २००० सालच्या एआरडीएसच्या त्या चाचणीत किलोला १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं, ते आपण सगळ्यांनीच घोकलंय. मी व्हॉल्यूम खाली आणला, रेट वाढवला, आणि मग डॉक्टरांना सांगायला गेले. बोलणी खायच्या तयारीने. ते म्हणाले, "बरं. पीप किती ठेवू या असं तुला वाटतं?" पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखायचा दाब. मला क्षणभर कळेना की हा प्रश्न आहे की टोमणा. प्रश्नच होता. इथे मेडिकल डिरेक्टिव्ह, म्हणजे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले आदेश, असतात, त्यांच्या चौकटीत आरटी स्वतः सेटिंग बदलते, वीनिंग करते, म्हणजे व्हेंट हळूहळू सोडवते, आणि चुकली तर जाबही तिलाच विचारतात. पहाटे पेजर वाजला की कोड ब्ल्यूला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटकडे, पळायचं, तिथून लेबर रूम, तिथून इमर्जन्सीत मास्कने श्वास देणारा बायपॅप. जीव मेटाकुटीला येतो. तरी एक सांगते, इतकी वर्षं शिकलेलं सगळं वापरायला मिळणं ही नशा आहे.

त्याच कामाचा दुसरा भाग असा, की घशातली श्वासाची ट्यूब काढायलाही आपणच. बरं होत आलेल्या माणसाची नव्हे, ज्याचा आधार काढून घ्यायचं ठरलंय त्याची. आपल्याकडे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने असा आधार काढायला मोकळीक दिली, २०२३ ला प्रक्रिया सोपी केली, तरी प्रत्यक्षात अनेकदा काय होतं तुला ठाऊक आहे: "घरी न्या" म्हणतात, नातेवाईक सही करतात, आणि अँब्युलन्समध्ये हाताने श्वास देणारी अंबूबॅग दाबत कोणीतरी सोबत जातं. इथे घरचे सगळे जमतात, डॉक्टर बोलतात, नर्स वेदनेचं औषध देते, आणि मग खोलीत आरटी येते. मी आधी अलार्म बंद करते आणि स्क्रीन नातेवाइकांपासून वळवते, नाहीतर सगळे माणूस सोडून आकडे बघत बसतात. सक्शन करते. सिरिंजने ट्यूबच्या फुग्यातली हवा काढते, होल्डर सोडवते, ट्यूब बाहेर, आणि लगेच तोंड पुसते. ओठांच्या कडेला चिकटपट्टीचा डाग राहतो, तोही पुसायचा. हे ओरिएंटेशनमध्ये मला कोणी शिकवलं नाही, एका वयस्क सहकारणीचं बघून घेतलं. मग मुलगी किंवा मुलगा विचारतो, आता किती वेळ? त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं, आणि तिथून लगेच निघताही येत नाही.

हे मला चांगलं जमतं. घरी आईवडिलांना वाटतं मी ऑक्सिजनचं मशीन बघते. मीही तेवढंच सांगते.

नोकरीचं व्यावहारिक: सुरुवातीला बहुधा कॅज्युअल मिळेल, म्हणजे फोन आला की जायचं, तासांची हमी नाही. कायम जागा सीनियॉरिटीने. उन्हाळ्यात सगळ्यांना सुट्ट्या हव्या असतात, तेव्हा भरपूर शिफ्ट मिळतात.

मुलीच्या शाळेबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस, "ती करेल ॲडजस्ट." मीही असंच म्हणाले होते. माझी मुलगी तिकडे इंग्रजी गोष्टींची पुस्तकं फडाफडा वाचायची. इथे पहिल्याच आठवड्यात एका अनोळखी बाईंनी बाजूच्या खोलीत नेऊन प्रश्न विचारले, आणि ही एक अक्षर बोलली नाही. झालं. इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात. गणिताच्या तासाला तिला उठवून न्यायचे, तिचा आवडता तास तोच. मी शाळेत जाऊन सांगितलं तर बाई गोड हसून म्हणाल्या, घाई नको, प्रत्येक मूल आपल्या गतीने फुलतं. पुढे तिची त्या गटातून सुटका झाली ती कोणी चूक कबूल न करता, नवीन बाई आल्या म्हणून. आता ती हायस्कुलात आहे, तिला यातलं काही आठवत नाही. मीच धरून बसले आहे. तिला हसता हसता एकदा विचारलं, तेव्हा का नाही बोललीस? म्हणाली, "मला वाटलं तू दाराबाहेर आहेस, तू येऊन सांगशील." मी तेव्हा गोदामात होते.

असो. एकटेपणाचं विचारलंस. असतो. बारा तासांच्या लागोपाठ रात्री केल्या की झोप येते आणि तो विषय मागे पडतो. नवऱ्याचा मात्र मागे पडत नाही. तो तिकडे अधिकारी होता, इथे काउंटरवर बसून सुरुवात केली, आणि अजून ती खुर्ची फारशी पुढे सरकलेली नाही. तो बोलत नाही. तुझ्या सगळ्या पत्रात तुझ्या नवऱ्याबद्दल "बँकेत" एवढा एकच शब्द आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. पीआरच्या फॉर्मवर तो "सोबतचा जोडीदार" असेल. त्याला हे चालणार आहे का, ते तू त्याच्या तोंडून ऐकलंयस की तूच धरून चालली आहेस?

आणि परत जाणार का, असंही शेवटी विचारलंयस. दर सुट्टीत आई हेच विचारते, मी "बघू" म्हणते. खरं सांगायचं तर मला जायचं नाही. इथे पीप किती ठेवू या असं मला विचारतात, ते सोडवत नाही. आईला हे सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, आणि तुला, जिला मी ओळखतही नाही, तिला सांगून मोकळी झाले.

सौदीला हलकं समजू नकोस. तिथे आरटीला मान आहे, बहुतेक पद्धत अमेरिकन आहे, कागदपत्रांची पडताळणी आणि परवान्यासाठीची प्रॉमेट्रिकची परीक्षा आटोपली की थेट बेडसाइडला उभी राहशील, फिल्टर धुवायला लागणार नाहीत. तिथला अनुभव इथल्या मुलाखतीतही उपयोगी पडतो. तुझ्या जागी मी असते तर आधी तिकडे गेले असते आणि तिथून इकडचे कागद हलवले असते, पण काँट्रॅक्टमध्ये कुटुंबाचा व्हिसा लिहून दिलाय का ते नीट बघ. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. आणि मुलीचा जन्ममहिना कळव. इथे इयत्ता जन्मवर्षावर ठरते, नोव्हेंबर-डिसेंबरची असेल तर वर्गात सगळ्यांत लहान पडेल, त्याबद्दल वेगळं सांगते.