वाचकांचे प्रश्न: बोटीचा आवाज कमी होतो का हो?

या वेळी पत्रांमध्ये पाण्यावरच्या आवाजाच्याच तक्रारी एवढ्या आल्या की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत आणि अख्खा कॉलम मोटरबोटींना दिलाय. एकाच धर्तीची पत्रं एकत्र केलीत, त्यामुळे तुमचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न: आमचं घर तलावाच्या काठावर आहे. दुपारी बोटी फिरतात त्याचं काही वाटत नाही, पण संध्याकाळी तीच बोट, तेवढ्याच लांबून गेली तरी अंगणातून चालल्यासारखी वाटते. घरातले म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच तसं आहे का, आणि यावर करायचं काय?
– काठावरची एक वाचक

उत्तर: मनाचे खेळ वगैरे काही नाही, घरातल्यांना हे वाचून दाखवा. संध्याकाळी वारा पडतो, पाण्यालगत थंड हवेचा थर बसतो आणि त्याच्या वर गरम हवा राहते. आवाज थंड हवेत जरा हळू जातो आणि गरम हवेत जरा वेगाने, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा फरक पडतो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली तुमच्याकडेच येतो, वर निसटून जात नाही. त्यात पाणी सपाट आणि कडक, गवत किंवा झाडी जसा थोडाफार आवाज पिते तसं पाणी काही पीत नाही, सगळा परतवून लावतं. आणि आजूबाजूचा दिवसाचा गोंगाट थांबलेला असतो, म्हणजे तुमच्या कानाला दुसरं काही ऐकायलाच नसतं. चारी बाजूंनी डोंगर असतील तर विचारूच नका, तोच आवाज दोनदा ऐकू येतो.

एरवी मोकळ्यावर हिशोब असा की अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १५ मीटरवर ८२ असेल तर ६० मीटरवर ७० आणि २४० मीटरवर ५८. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे बोट ६० मीटरऐवजी २४० मीटरवरून गेली तर निम्म्याहूनही कमी. हे गणित लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता करायचं काय. सगळ्यात आधी कोणती बोट ते बघा, कारण बहुतेक ठिकाणी त्रास देणाऱ्या बोटी दोन-तीनच असतात आणि शिव्या सगळ्यांना बसतात. नंबर, वेळ, कुठून कुठे गेली, आवाज इंजिनाचा होता की गाण्यांचा, एवढं वहीत लिहून ठेवा. मग मालकाला भेटा, पण तो आणि त्याचे पाहुणे बोटीवर मजा करत असताना नाही, नंतर कधीतरी, आणि एकटं भेटा. भांडायला जाऊ नका, एकच विनंती करा: बोट दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि तुम्ही दहा मिनिटं आमच्या ओट्यावर उभे रहा. चालवणारा पुढे बसलेला असतो, एक्झॉस्ट म्हणजे धूर सोडणारी नळी मागे, कानात वारा, त्याला स्वतःच्या बोटीचा आवाज किनाऱ्यावर काय पोचतो हे खरंच माहीत नसतं. यातले बरेच लोक वाईट नसतात हो, त्यांनी ऐकलेलंच नसतं. तरी नाही ऐकलं तर वही घेऊन पाण्यावर देखरेख करणारं जे कुणी असेल त्यांच्याकडे जा. ‘फार आवाज होतो’ या अर्जाचं काही होत नाही, ‘या नंबरची बोट, या तीन संध्याकाळी, एवढ्या वाजता’ या अर्जावर कुणाला तरी काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

प्रश्न: नक्की किती डेसिबलच्या वर गेलं की जास्त म्हणायचं? मी फोनवर ॲप टाकून मोजलं तर ९६ आलं. हा पुरावा चालेल का?

उत्तर: किती डेसिबल याला ‘कुठून मोजलं’ हे जोडल्याशिवाय काही अर्थच नाही. युरोपियन युनियनच्या २०१३ च्या नियमांत इंजिन १० किलोवॅटपर्यंत असेल तर ६७, १० ते ४० मध्ये ७२ आणि त्याच्या वर ७५ डेसिबल, दोन इंजिनं असतील तर ३ ची सूट, आणि हे चाचणीत २५ मीटरवरून मोजायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत वेगळी पद्धत आहे, इंजिन नुसतं आयडलवर म्हणजे जागच्या जागी चालू ठेवून बोटीच्या अगदी जवळून मोजलं तर ८८ (१९९३ च्या आधीच्या इंजिनांना ९०), आणि बोट चालू असताना किनाऱ्यावरून मोजलं तर ७५. आता बघा, ८८ वाली आणि ७५ वाली एकच बोट असू शकते. म्हणून नुसता आकडा सांगून भांडण जिंकता येत नाही.

युरोपच्या आकड्यांत आणखी एक मेख आहे, ते बोट किंवा इंजिन बाजारात आणतानाचे आकडे आहेत. कंपनीतून निघालेली बोट सहसा ठीकच असते, नंतर मालक हौसेने सायलेन्सर काढतो किंवा एक्झॉस्ट पाण्याच्या वरून बाहेर काढतो, काहीजण तर बटण बसवतात, दाबलं की पाण्याखालून आणि सोडलं की वरून. तपासणीवाले दिसले की दाबलं, गेले की सोडलं.

तुमच्या ९६ वर मला संशय आहे, बहुतेक तो वाऱ्याचा आकडा आहे, माइकवर वारा आदळला की ॲप काहीही दाखवतं. वारा पडलेला असताना मोजा, भिंतीला टेकून उभे राहू नका, बोट किती लांब होती ते लिहा, आणि बोट नसतानाचा आकडाही घ्या. दोन्हींत दहाचा फरक असेल तर तो आवाज बोटीचाच, असं धरायला हरकत नाही. आयफोन असेल तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं फुकट ॲप बरं आहे. पुरावा म्हणून मात्र ते चालेल असं धरून चालू नका, नीट मोजणीची मागणी करायला आधार म्हणून वापरा.

आणि एक, मीटर ‘ए’ सेटिंगवर असतं तेव्हा ते खर्जातला आवाज मुद्दाम कमी धरतं, ६३ हर्ट्झला जवळजवळ २६ डेसिबलने. आठ सिलिंडरचं मोठं इंजिन आयडलवर ६०० आरपीएमला ४० हर्ट्झच्या आसपास धडधडत असतं, म्हणजे मीटर सांगतं ठीक आहे आणि तुमच्या खिडकीच्या काचा वाजतायत. दोघंही खोटं बोलत नसतात. मीटरवर ‘सी’ सेटिंग असेल, जे खर्ज फारसा कमी धरत नाही, तर त्यावरही एकदा मोजा.

प्रश्न: बोटींचं एक वेळ चालेल पण ते जेट स्की! एकाच जागी गोल गोल, तास तासभर. बोटीपेक्षा आवाज कमी असतो असं विकणारे सांगतात, मग डोकं का उठतं?

उत्तर: विकणारा खोटं बोलत नसेल, पण अर्धंच सांगतोय. जेट स्की लाटेवरून उडाला की पाणी ओढणारा पंप क्षणभर हवेत मोकळा होतो, इंजिन एकदम किंचाळतं, मग पाण्यात पडलं की परत खाली, असं सारखं वर-खाली. एका सुरातल्या आवाजाची कानाला सवय होते, सारख्या बदलणाऱ्या आवाजाची होत नाही, मीटरवर आकडा कमी आला तरी. त्यात बोट येते आणि निघून जाते, हे लोक जातच नाहीत. त्यामुळे इथे डेसिबलच्या मागे लागू नका, मागणी दोनच करा: किनाऱ्यापासून अंतर आणि एका जागी घुटमळायला बंदी. जुने टू-स्ट्रोकवाले असतील तर त्यांचं रडगाणं अजून वेगळं, कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमधून पाव भागाच्या आसपास इंधन न जळताच बाहेर पडतं. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर १९९९ मध्ये या इंजिनांवर बंदी आली ती पाण्यातल्या या घाणीमुळे, आवाजामुळे नाही. म्हणून तुमच्या अर्जात आवाजाबरोबर पाण्याचाही मुद्दा टाका, त्याला सह्या पटापट मिळतात.

प्रश्न: मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझी बोट आहे, मी दारू पिऊन धिंगाणा घालत नाही, तरी लोक बोट दिसली की तोंड वाकडं करतात. मोठा खर्च न करता आवाज कमी करता येईल का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, अशी पत्रं कमी येतात. आधी फुकटातलं. आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचा, एक्झॉस्ट बहुतेक पाण्यातल्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) मधून पाण्याखाली सुटतो, पण तुम्ही ट्रिम म्हणजे इंजिनाचा कल फार वर घेऊन चालवत असाल तर पंखा हवा ओढायला लागतो आणि आवाज मोकळा सुटतो, जरा खाली घ्या. किनाऱ्याजवळ एकतर अगदी हळू किंवा लांब गेल्यावर पूर्ण प्लेनिंगवर (म्हणजे बोट वेगाने पाण्याच्या वरच्यावर सरकते तशी), मधल्या वेगात चालवू नका, नाक वर करून रेटत जाणारी बोट लाटाही मोठ्या करते आणि इंजिनही जास्त ओरडतं. काठाला समांतर जाऊ नका, सरळ आत जा आणि मग काय फिरायचं ते फिरा. सकाळी लवकर बोट काढायची असेल तर इंजिन धक्क्याला बांधून पंधरा मिनिटं गरम करत बसू नका, आता बहुतेक इंजिनांना त्याची गरज नसते.

मग थोडं हात काळे करायचं काम. पंख्याचं पातं वाकलं किंवा त्याला खाच पडली असेल तर थरथर होते, इंजिनचे रबर माउंट दबले असतील तर अख्खी बोट ढोलासारखी वाजते, एक्झॉस्टच्या जोडाला गळती असेल तर फटफट येते. हे तिन्ही नीट करून घेतलं तर कितीतरी बोटी आपोआप शांत होतात. इनबोर्ड म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन असेल तर एक्झॉस्टमध्ये पाणी सोडून तो थंड करतात, त्याने आवाजही मरतो, तिथे पाण्याचा प्रवाह नीट आहे ना ते मेकॅनिकला बघायला सांगा.

सायलेन्सर नवा बसवायचा असेल तर स्वतः प्रयोग करू नका. चुकीच्या जागी, चुकीच्या उंचीला बसला तर मागून पाणी इंजिनात शिरतं आणि मग खर्च मोठाच होतो. इंजिनच्या पेटीत फोम लावायचा तर बोटीसाठीचा, सहज पेट न घेणारा घ्या, आणि काही झालं तरी हवा आत-बाहेर जायची भोकं बुजवू नका, पेट्रोलची वाफ साठली तर आवाजाची चिंता करायला कुणी उरणार नाही. मागच्या फळीवर पोरं बसलेली असताना इंजिन चालू ठेवू नका हेही सांगून ठेवतो, आवाजाशी संबंध नाही पण एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न: आमच्या तलावावर रहिवाशांच्या संघात दोन तट पडलेत. एक म्हणतो मोटरबोटी पूर्ण बंद करा, दुसरा म्हणतो डेसिबलची मर्यादा घाला. मतदान करायचंय. तुम्ही कुठल्या बाजूचे?

उत्तर: खरं सांगू, दोन्ही नाही. पूर्ण बंदी होऊ शकते, जर्मनीतल्या कोनिगसे सरोवरावर १९०९ पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात आणि तिथली शांतता लोक बघायला जातात. पण तिथे त्या शांततेवर सगळ्यांचं एकमत मुरलेलं आहे, तुमच्याकडे निम्म्या लोकांच्या बोटी आहेत. इंग्लंडमधल्या विंडरमियरवर साधारण ताशी १० मैलांची वेगमर्यादा २००० मध्ये मंजूर झाली आणि लागू झाली २००५ मध्ये, मधली वर्षं लोकांना दुसरीकडे सोय करायला दिली होती, आणि तरीही पाण्यावर स्कीइंग करणारे शेवटपर्यंत भांडले. म्हणजे असा निर्णय एका मतदानात उरकत नाही.

डेसिबल मर्यादेचं दुखणं वेगळं आहे. मीटर कोण आणणार, तो दरवर्षी तपासून कोण घेणार, चालत्या बोटीवर रोखून कोण धरणार, आणि त्याच वेळी दुसरी बोट गेली तर आकडा कुणाचा? दोन सारख्या बोटी एकत्र असल्या तर आकडा फक्त ३ नेच वाढतो, त्यावरून कोण किती दोषी हे ठरवता येत नाही. नियम कागदावर राहतो आणि त्यावर विश्वास ठेवणारे आणखी चिडतात.

माझं मत विचाराल तर डोळ्यांना दिसणारे नियम मागा. सायलेन्सर हवाच, पाण्याच्या वरून सुटणारा एक्झॉस्ट नको, बटणवाला तर नकोच. कॅनडात असंच आहे, किनाऱ्यापासून ५ सागरी मैलांच्या आत मोटरबोटीला चालू स्थितीतला सायलेन्सर लागतो, १९६० पूर्वीच्या बोटी वगैरे काही सवलती आहेत. दुसरं, किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर बॉय (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) टाका आणि त्याच्या आत फक्त हळू, वरचं ६ डेसिबलवालं गणित इथे लावा आणि किती अंतर ते ठरवा. तिसरं वेळ, सूर्यास्तानंतर वेगात नाही. हे तिन्ही कुणालाही यंत्राशिवाय दिसतं, फोटोत येतं, आणि बोटवाल्यालाही आधीच कळतं की आपण नियमात आहोत की नाही. मीटर ठेवा, पण वाद विकोपाला गेला तर काढायला. आणि बोटवाल्या तटातल्या दोन माणसांना नियम लिहायला बसवा, नाहीतर पुढच्या वर्षी तेच नियम तेच लोक मोडतील.

प्रश्न: इंजिनाचं नाही हो, गाण्यांचं काय करायचं? बोटीच्या वरच्या दांडीला स्पीकर लावतात आणि सगळ्या तलावाला ऐकवतात.

उत्तर: ते स्पीकर बोटीमागे दोरीला धरून पाण्यावर स्कीइंग करत येणाऱ्याला इंजिनाच्या वर ऐकू जावेत म्हणून लावलेले असतात, त्यामुळे बोट थांबली की आवाज निम्म्यावर आणायला हवा हे कुणाच्या लक्षातच येत नाही. नांगर टाकला की गाणी बोटीपुरती, एवढी एक ओळ धक्क्यावर लिहून लावा. इंजिनाबद्दल बोलायला गेलं की मालकाला वाटतं बोटच काढून घेताय, गाण्यांचं तसं होत नाही, लाजेने तरी कमी करतो.

प्रश्न: पुढची बोट इलेक्ट्रिक घ्यावी म्हणतोय. मग आवाजाचा प्रश्नच संपला ना?

उत्तर: हळू चालवाल तोवर जवळजवळ संपला. वेगात गेलात की पंख्याचा आणि पाण्यावर आपटणाऱ्या तळाचा आवाज उरतोच, आणि पाण्याखाली पंख्याभोवती बुडबुडे फुटतात त्यांचा आवाज माशांपर्यंत जातो, मोटर कुठलीही असो. पाणपक्ष्यांची घरटी काठाच्या गवतात असतील तर तिथे लाटही नको, नुसता आवाज कमी असून भागत नाही. शिवाय पोहणाऱ्याला तुमची बोट येताना ऐकूच येत नाही, तेव्हा पोहण्याच्या जागेजवळ वेग कमी करा, एक माणूस पुढे बघायला बसवा आणि हॉर्न हाताशी ठेवा.