न्यूट्रॉनांनी अतिसमृद्ध अणुकेंद्रकांची सैद्धांतिक भाकिते कितपत विश्वासार्ह असतात?

प्रयोगशाळेत निमिषभरही न टिकणाऱ्या, न्यूट्रॉनांची अतोनात भर पडलेल्या अणुकेंद्रकांचे प्रतिमान कशाच्या आधारे रचतात आणि त्यावर विसंबावे का, असे आपण विचारले आहे. गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावर एम.एस्सी. करताना हा विषय मी शिकलो आणि आता फोंड्याला उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो, तेवढ्या अधिकाराने हे उत्तर लिहीत आहे.

मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सेन यांनी १९४९ साली मांडलेल्या कवच प्रतिमानातून (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात ठरावीक थरांत, म्हणजे कवचांत, बसतात ही कल्पना) २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या जादुई संख्यांचा, म्हणजे प्रोटॉन वा न्यूट्रॉन इतके असले की केंद्रक विशेष स्थिर राहते त्या संख्यांचा, उलगडा झाला. फळ्यावर मी ही यादी वेदवाक्यासारखी लिहितो खरा. पण तिचा आधार मुख्यतः स्थिर केंद्रके हा आहे, आणि न्यूट्रॉन वाढू लागले की ती डळमळते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ऑक्सिजन. त्याच्या ८ प्रोटॉनांना जास्तीत जास्त १६ न्यूट्रॉन बांधून ठेवता येतात, म्हणजे ऑक्सिजन-२४ पर्यंतच मजल जाते. शेजारच्या फ्लुओरिनमध्ये मात्र केवळ एक प्रोटॉन वाढताच ही संख्या २२ वर पोहोचते. फक्त दोन-दोन कणांमधील बल धरून केलेली गणिते ऑक्सिजनला याहून पुष्कळ पुढे नेत असत. दोघांत तिसरा आला की बोलण्याचा सूर बदलतो, तसे तीन कण एकत्र असताना जे जास्तीचे बल लागू होते, ते जोडीजोडीच्या बेरजेत सापडत नाही. ताकाहारू ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ते गणितात घेतले तेव्हा जादा न्यूट्रॉनांमधील प्रतिकर्षण वाढून मर्यादा बरोबर १६ वर आली. पुढे जपानमधील रिकेन संस्थेत ऑक्सिजन-२८ प्रत्यक्ष निर्माण करण्यात आले. त्यात ८ आणि २० या दोन्ही संख्या जादुई असूनही ते चार न्यूट्रॉन टाकून ऑक्सिजन-२४ मध्ये मोडते, हे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

दुसरी अडचण काठावरच्या न्यूट्रॉनांची आहे. लिथियम-११ मधील बाहेरचे दोन न्यूट्रॉन सुमारे ०.३७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्याच ऊर्जेने अडकलेले असल्याने त्यांचे तरंगफलन (कण कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यावरून कळते ते गणिती फलन) दूरवर पसरते, आणि नेहमीच्या आंदोलक फलनांनी, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारख्या कणाच्या, केंद्राजवळच आटोपणाऱ्या फलनांनी, ते नीट मांडता येत नाही. मुक्त कणांच्या अवस्थाही हिशेबात घ्याव्या लागतात.

जड मूलद्रव्यांसाठी घनता-फलनकाची पद्धत वापरतात, म्हणजे एकेका कणाऐवजी कणांच्या घनतेवरून केंद्रकाची ऊर्जा काढतात; त्यासाठीचे सूत्र म्हणजे फलनक. निरनिराळी फलनके मोजमापे उपलब्ध आहेत तेथे एकमेकांशी जुळतात, पण पुढे गेल्यावर फाकत जातात. २०१२ साली त्यांची तुलना करून १२० प्रोटॉनांपर्यंत बद्ध केंद्रकांची (ज्यांतून कण आपोआप गळून जात नाहीत अशांची) संख्या सुमारे ६,९०० आणि अनिश्चितता ५०० इतकी सांगण्यात आली. न्यूट्रॉन-मर्यादा, म्हणजे एखाद्या मूलद्रव्यात जास्तीत जास्त किती न्यूट्रॉन मावतात ती संख्या, प्रयोगाने निश्चित झाली आहे ती मात्र १० प्रोटॉनांच्या निऑनपर्यंतच, त्यामुळे त्यापलीकडच्या ज्या भाकितासोबत असा अनिश्चिततेचा पट्टा दिलेला नसतो, त्यावर मी विसंबत नाही.