नेपाळच्या बालगृहात जायचंय? आधी एवढं बघ

पोखऱ्याला महिनाभर राहून अनाथ मुलांना शिकवायचं, हा तुझा विचार चांगल्या मनातून आलाय, म्हणून स्पष्टच लिहिते. बालगृहात थेट मुलांमध्ये काम सुरुवातीला नकोच.

नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून 'शहरात शिकवतो' म्हणून दलाल मुलं आणतात. आणि बालगृहं एकवटलीत कुठे? काठमांडू खोरं, पोखरा, चितवन. जिथे पर्यटक, तिथे. पाहुण्यांचा पैसा येतो तोवर मुलंही आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा या व्यापाराचीही दखल घेतली गेली.

नवखी मंडळी हमखास इथे चुकतात:

- पोलिस पडताळणी न मागता आत घेणारी संस्था त्यांना 'मोकळी' वाटते. तिथून उलट्या पावली फिर.
- मुलांसोबतचे फोटो टाकतात.
- लळा लावून चौथ्या आठवड्यात निघतात. त्या मुलांनी अशा कितीतरी ताया येऊन गेलेल्या पाहिल्यात.

मग करायचं काय? मुलांना कुटुंबात परत पोचवणाऱ्या संस्थेच्या कचेरीत बस. हिशेब, संगणक, तिथल्या शिक्षकांना इंग्रजीची मदत. (आपल्याला हिंदी येते आणि लिपीही एकच, त्यामुळे तू लवकर रुळशील.)

पैसे भरण्याआधी संस्थेला एवढंच विचार: गेल्या वर्षी किती मुलं आपल्या घरी परत गेली? उत्तर आलं की कळव, मग पुढचं ठरवू.