चौकट निवडण्याआधी कडा बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू वारीची बारा छायाचित्रं घेऊन आलास, जेवणाच्या टेबलावर मांडलीस आणि विचारलंस, "काका, फ्रेम काळी घेऊ की लाकडी?" पाहुणे आले आणि बोलणं अर्धवट राहिलं. बालगंधर्व कलादालनात चित्रं लावायला तुझ्या हातात दीड महिना आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

फ्रेमचा रंग शेवटी ठरवू. आधी प्रत्येक चित्राच्या चारही कडा बघ. मधला विषय हाताने झाक आणि नुसत्या कडांवरून नजर फिरव. निवडुंग्या विठोबाच्या देवळाजवळ काढलेलं त्या आजींचं चित्र घे. डोक्यावर तुळशीवृंदावन, पदर कमरेला खोचलेला, उजवा पाय उचललेला. त्या पायाचा अंगठा खालच्या कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर आहे. डाव्या कडेतून कुणाच्या तरी पिशवीचा निळा कोपरा आत शिरलाय. माउंट म्हणजे चित्राभोवती, फ्रेमच्या आत बसणारा जाड पुठ्ठा, मधे चित्र दिसायला खिडकी कापलेला. ही खिडकी चित्रावर साधारण ३ मिलिमीटर चढते, नाहीतर प्रिंट मागे निसटते. म्हणजे आजींचा अंगठा माउंटखाली जाणार आणि पिशवी मात्र दिसत राहणार. त्या चित्राचा सगळा जीव त्या उचललेल्या पावलात आहे रे. तेच कापलं गेलं तर सागवानी चौकटही काही करू शकत नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रिंट काढायला देतानाच सांग, चित्राभोवती इंचभर कोरा कागद सोडा. मग खिडकी चित्रापेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठी कापून घे. चित्र पूर्ण दिसतं, भोवती कागदाची बारीक पांढरी कड राहते आणि खाली उजवीकडे पेन्सिलीने सही करायला जागा मिळते. सही चित्रावर करू नकोस. पिशवीचा कोपरा मात्र तुला आधीच, क्रॉप करून, काढावा लागेल.

आता मापं. तुझ्या कॅमेऱ्याचं चित्र ३:२ प्रमाणातलं, म्हणून १२ × १८ इंचांची प्रिंट बरोबर बसते. दुकानात १२ × १५ ची तयार फ्रेम स्वस्तात मिळते आणि मोह होतो. पण १८ इंचांतले ३ इंच, म्हणजे चित्राचा सहावा भाग, तू त्या स्वस्ताईत देऊन बसतोस. चित्रासाठी फ्रेम शोधावी. फ्रेममध्ये बसावं म्हणून चित्र कापलेलं मला अजिबात बघवत नाही.

१२ × १८ च्या आडव्या चित्राला १८ × २४ ची फ्रेम छान होते. दोन्ही बाजूंना ३ इंच माउंट, वर पावणेतीन आणि खाली सव्वातीन. खालची पट्टी थोडी जास्त ठेवायची, कारण चारही बाजू सारख्या ठेवल्या की चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. अर्धा इंच पुरतो. आणि माउंटमध्ये कंजूषी नको. इंचभर माउंट ठेवला की चित्र, माउंट आणि फ्रेम अशा तीन पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, नजरेला थांबायला जागाच उरत नाही.

माउंटचा रंग म्हणशील तर बारापैकी दहा चित्रांना पांढरा, पण ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा नव्हे. प्रिंटचा कागद सोबत ने, माउंट बोर्डाच्या तुकड्याशेजारी धर आणि दुकानाबाहेर येऊन उन्हात बघ. बोर्ड कागदापेक्षा जास्त पांढरा असेल तर तुझ्या चित्रातलं आभाळ मळकं दिसायला लागतं. उरली दोन चित्रं रात्रीच्या मुक्कामाची, कंदिलाच्या उजेडातली. ती गडद आहेत. शुभ्र माउंटमध्ये ती आणखी काळवंडतील आणि मागे बसलेल्या माणसांचे चेहरे हरवतील. त्यांना मध्यम करडा लावून बघ, सावलीतले चेहरे पुढे येतात. फेट्याशी जुळणारा केशरी माउंट लावायची कल्पना मात्र सोडून दे. बघणारा आधी माउंटच बघेल.

तू सगळ्या चित्रांभोवती जाड काळी रेघ काढली आहेस. तिचा इतिहास तुला माहीत असावा. फिल्मच्या काळात काही छायाचित्रकार एन्लार्जरमधली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठं चित्र छापायच्या यंत्रातली, निगेटिव्ह धरायची चौकट कानशीने घासून मोठी करत. मग निगेटिव्हच्या कडेचा कोरा भागही छापला जाई आणि चित्राभोवती काळी रेघ उमटे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या चित्रांभोवती ती दिसते. पूर्ण निगेटिव्ह छापली आहे, काही कापलेलं नाही, एवढा तिचा अर्थ. तू क्रॉप केलेल्या चित्राला ती रेघ काढलीस तर ते खोटं बोलणं झालं. फिकट आभाळाची कड पांढऱ्या कागदात विरघळत असेल तिथे केसाएवढी करडी रेघ ओढ. मोबाइलवर टाकतानाही तेवढीच, किंवा साधी पांढरी कड. सावल्या आणि नक्षीच्या चौकटी नकोत.

आता काच. हे मी जरा लांबवणार आहे.

आमच्या नारायण पेठेतल्या घरात आजोबांची एक तसबीर आहे. फोटो थेट काचेला टेकवून बसवलेला, त्या काळी बहुतेक तसंच करत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तसबीर पाण्यात गेली. चिखल धुऊन आईने ती वाळत ठेवली. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला होऊन काचेला चिकटला होता आणि वाळला तो तसाच. पुढे कुणीतरी सोडवायला गेलं तेव्हा एका कोपऱ्यातला शालीचा तुकडा काचेवर राहिला आणि त्याच्या मागचा कागद पांढरा पडला. तेवढ्यावर आईने हात धरला म्हणून चेहरा वाचला. आजही आजोबा त्या काचेलाच चिकटून आहेत. मी काचेवरूनच त्यांची प्रत काढून ठेवली आहे. असा फोटो तुझ्या घरात निघाला तर सोडवायला जाऊ नकोस.

याला पूर लागत नाही. पुण्यातला पावसाळा आणि ओल आलेली भिंत पुरेशी आहे. चित्र आणि काच यांच्यामध्ये जी हवा लागते ती माउंटच्या जाडीने मिळते. माउंट नको असेल तर काचेखाली कडेने बारीक पट्टी बसवून घे. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे भिंतीशी वारा खेळतो आणि बुरशी धरत नाही.

माउंट बोर्ड आम्लमुक्त माग. साधा बोर्ड लाकडाच्या लगद्याचा असतो, काही वर्षांत खिडकीची तिरपी कड पिवळी पडते आणि कागदावर तपकिरी रेघ उमटते. ती जात नाही. प्रिंट चिकटवायची फक्त वरच्या कडेने, दोन ठिकाणी. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी चारही बाजूंनी सेलोटेप लावायला सांगितली होती. जुलैची हवा, कागद फुगला, त्याला पसरायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या चित्रांवर लाटा होत्या आणि मी लोकांना तोंड चुकवत कोपऱ्यात उभा होतो. पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ वापर, ती पाण्याने परत सुटते. घरी ये, खळ कशी शिजवायची ते दाखवतो.

फ्रेम अर्धा-पाऊण इंचाची, बिनचमक काळी किंवा साधी लाकडी, बाराही एकसारख्या. हा प्रश्न एवढाच होता. लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास ठेव.

शनिवारी सकाळी ये. फ्रेमवाल्याकडे जायच्या आधी ये. मी जुन्या माउंटचे दोन काटकोनी तुकडे काढून ठेवलेत. ते चित्रावर ठेवून आत-बाहेर सरकवत आपण प्रत्येक कड ठरवू. आजींचं चित्र पहिलं घेऊ. मूळ फाइल आण, अंगठ्याखाली अजून थोडा रस्ता शिल्लक आहे का ते बघायचंय.

तुझा,
काका